साडेपाच तासांचा फरक

मनगटावरच्या फिटनेस बँडची माहिती मी पायथनमध्ये तपासायला घेतली ती एकाच प्रश्नासाठी: माझी झोप कशाने बिघडते? पावलांची आणि झोपेची फाइल उतरवून घेतली, तारखेनुसार जोडली, आलेख काढला. ज्या दिवशी पावलं जास्त, त्या रात्री झोप कमी. ठिपके तिरक्या रेषेत इतके नीट बसत होते, की शंका घ्यावी असं मनातही आलं नाही.

बरं, हे स्वतःपुरतं ठेवलं असतं तर एक वेळ ठीक. पण आईलाही नीट झोप लागत नाही, म्हणून तिला सांगितलं, "जेवल्यावरची शतपावली बंद कर, त्यानेच तुझी झोप उडते." आईला मधुमेह आहे. जेवणानंतर थोडं चाललं की रक्तातली साखर कमी चढते, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण स्वतः काढलेल्या आलेखापुढे ते बाजूला पडलं. लेक आकडे बघून बोलतेय म्हटल्यावर आईने लगेच ऐकलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

चूक सापडली ती एका तारखेची पावलं मिनिटवार उलगडून पाहताना. रात्री सव्वाअकरा ते बारा मी झपाझप चालतेय, असं फाइल सांगत होती. त्या वेळी मी झोपेत असते. मग लक्षात आलं, पावलांच्या नोंदी यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत होत्या आणि झोपेच्या भारतीय वेळेत. फरक साडेपाच तासांचा. सकाळची शिफ्ट असली की मी पहाटे पावणेपाचला चालायला बाहेर पडते. ते चालणं फाइलीत आदल्या तारखेच्या रात्री सव्वाअकराला लागत होतं. मिनिटाला शंभर पावलं धरली तरी पाऊण तासाची साडेचार हजार पावलं आदल्या दिवसाच्या खात्यावर! आणि लवकर उठल्यामुळे त्या रात्रीची झोप कमी भरणारच. लवकर उठणं हे एकच कारण दोन्हीकडे काम करत होतं, आणि मी दोष चालण्याला देत होते. वेळ दुरुस्त केल्यावर रेषा पार विस्कटली.

मग मागचं सगळंच उकरून काढलं. बँड चार्जिंगला लावलेला असतानाच्या रिकाम्या नोंदींत मी शून्य भरलं होतं, म्हणजे न मोजलेला दिवस बसून काढलेला दिवस ठरला होता. 'गाढ झोप' हा आकडा मी मोजमाप समजत होते. प्रयोगशाळेत झोपेचे टप्पे ठरवताना मेंदूच्या लहरी नोंदवतात. मनगटावरचा बँड हालचाल आणि नाडीवरून फक्त अंदाज बांधतो. शिवाय चहापासून वारापर्यंत दिसेल त्या गोष्टीची झोपेशी जोडी लावून पाहिली होती. पाच टक्क्यांची कसोटी लावली, तर झोपेशी काडीचा संबंध नसलेल्या वीस गोष्टींतली सरासरी एक नुसत्या योगायोगाने पास होते. मी नेमक्या अशा पास झालेल्याच वहीत उतरवून ठेवल्या होत्या.

आईला सगळं समजावून सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "मग आजपासून चालू ना?" त्याच रात्रीपासून तिची शतपावली पुन्हा सुरू झाली.

माझा प्रश्न मात्र तसाच आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतांवर काम करताना कोणत्या वाफ्याला कोणतं खत हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवण्याचा आग्रह धरला, तो का, हे मला आता कुठे कळतंय. म्हणून हल्ली जेवण झालं की नाणं उडवते. छापा आला तर चालायचं, काटा आला तर घरीच. शिफ्ट कोणती, दमले किती, याचा त्या नाण्याला पत्ता नसतो. काय मोजायचं आणि कधी थांबायचं, हे आधीच लिहून ठेवलंय. तोवर आलेख काढायचा नाही.