नातवंडांसह मुंबई, आणि खोलीची निवड

नातवंडांना राणीची बाग दाखवावी, असे आपल्याही मनात असेल. गेल्या वर्षी आम्ही निघालो, तेव्हा हॉटेल निवडताना केवळ मुलांचाच विचार केला : पोहण्याचा तलाव, खेळण्याची खोली, भरपेट न्याहारी. लिफ्टपर्यंत जायला सात पायऱ्या आहेत, हे तिथे पोहोचल्यावर कळले. स्नानगृहात उंच कडेचा टब होता. दुसऱ्याच पहाटे त्यातून बाहेर पडताना आमचे यजमान घसरले. हाड मोडले नाही, एवढेच दैव. धाकटी नात मात्र दिवसभर आजोबांचा हात सोडीना. पेंग्विनांकडेही तिचे लक्ष लागले नाही.

म्हणून सांगते, पैसे भरण्यापूर्वी फोन करून विचारावे. टब आहे की सपाट फरशी? धरायला दांडी आहे का? रात्री दूध कोमट करून मिळेल का? संकोच मुळीच करू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी फ्रिजचीही चौकशी करावी. पुष्कळ ठिकाणी बाहेर पडताना कार्ड काढले की खोलीची वीज जाते आणि कधी कधी फ्रिजही बंद पडतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. बर्फाच्या कप्प्याला टेकून गोठले, तर ते वाया गेले.

यंदा आम्ही भायखळ्यातच, बागेजवळ, साधी खोली घेतली. (बाग बुधवारी बंद असते, बरे का.) सकाळी फिरून दुपारी परतता आले, आजोबा आणि नातवंडे एकदमच झोपली. तलाव नव्हता. नातीने आल्याआल्या स्नानगृहात डोकावून विचारले, ‘‘आजी, इथे टब नाही ना?’’