टेपवर जागा नव्हती तेव्हा

रॉक बँडचा अल्बम स्टुडिओत घडतो, असं बहुतेकांना वाटतं. रेकॉर्डिस्ट म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं स्टुडिओतच गेली, तरी मला हे पटत नाही. अल्बम घडतो तालमीच्या खोलीत. स्टुडिओत तो पक्का होतो, किंवा बिघडतो. दिल्लीच्या इंडियन ओशनने 2010 मध्ये काढलेल्या अल्बमचं नावच ‘16/330 खजूर रोड’ आहे. करोलबागेतल्या ज्या जुन्या घरात हा बँड वर्षानुवर्षं तालीम करायचा, त्या घराचा हा पत्ता. दर महिन्याला एक याप्रमाणे त्यातली गाणी त्यांनी लोकांना फुकट दिली. त्यांचे गायक आणि तालवादक असीम चक्रवर्ती 2009 च्या डिसेंबरात गेले होते, पण त्यांचा आवाज त्या गाण्यांत आहे. जिथे गाणी मुरली त्या घराचाच पत्ता अल्बमच्या वेष्टनावर यावा, हे मला फार योग्य वाटतं.

सध्या मी पुण्याच्या एका मराठी रॉक बँडचा पहिला अल्बम करतो आहे. चौघं जण आहेत: ड्रम्स, बेस आणि दोन गिटार. गिटारवाल्यांपैकी एक गातो. गाणी नऊ. अल्बमची घोषणा अजून झालेली नाही, म्हणून बँडचं नाव इथे देत नाही. ते पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा लॅपटॉपवर सगळी गाणी तयार होती. एकेका गाण्यात शंभरावर ट्रॅक, एकच गिटार चार निरनिराळ्या आवाजांत, अंतऱ्याचे तीन-तीन पर्याय, ड्रम्स संगणकावर रचलेले. यातलं कुठलं घ्यायचं, असं विचारलं की उत्तर एकच: “ते मिक्समध्ये बघू ना, दादा.”

नव्या बँडकडून हे वाक्य मी सतत ऐकतो, आणि आजच्या रेकॉर्डिंगचं सर्वांत मोठं नुकसान याच वाक्याने केलं आहे असं माझं ठाम मत आहे. हार्ड डिस्कवरची जागा संपत नाही, त्यामुळे काहीही ठरवायची घाई उरत नाही. पण बेसवाला काय वाजवणार हे ड्रम्सवर अवलंबून असतं, दुसरी गिटार कुठे गप्प बसणार हे पहिल्या गिटारवर. एकाने आपलं लांबणीवर टाकलं की उरलेले तिघं अंदाजाने वाजवतात, आणि ते अंदाजाने वाजवलेलं आहे हे ऐकणाऱ्याला कळतं.

बीटल्सना अशी सवलत नव्हती. 24 नोव्हेंबर 1966 ला लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत त्यांनी ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ रेकॉर्ड करायला घेतलं, तेव्हा टेपवर चारच ट्रॅक मिळत. ‘सार्जंट पेपर’च्या कामाची सुरुवात याच गाण्याने झाली, पुढे ते सिंगल म्हणून वेगळं आलं. चारही ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या मशीनवरच्या एका-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचं वाजवायचं. एकदा उतरवलं की त्यातले ड्रम्स वेगळे वाढवता येत नसत, गिटार वेगळी दाबता येत नसे. शिवाय दर उतरवणीला टेपची खरखर वाढे. म्हणजे ड्रम्स केवढे, गिटार केवढी, हे तिथल्या तिथे ठरवणं भाग होतं. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि इंजिनिअर जेफ एमेरिक यांचं त्या काळातलं सगळं काम अशा माघार नसलेल्या निर्णयांवर उभं आहे.

‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’च्या बाबतीत तर जॉन लेननला एका टेकची सुरुवात आवडली आणि दुसऱ्याचा पुढचा भाग. दोन्हींची लय वेगळी, पट्टीही वेगळी. पहिली टेप किंचित जलद आणि दुसरी किंचित मंद चालवली, तेव्हा दोन्ही जुळल्या. साधारण एका मिनिटाशी तो सांधा आहे. हेडफोन लावून ऐका, लेननच्या आवाजाचा पोत तिथे जड होतो. माझ्या मते हा रेकॉर्डिंगच्या इतिहासातला सर्वांत धाडसी सांधा आहे.

पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मात्र मला याहूनही जवळचा वाटतो. त्यांच्या वेळेपर्यंत त्याच ॲबी रोडवर सोळा ट्रॅक आले होते, सोय वाढली होती, तरी त्यांनी आधी लोकांसमोर वाजवायचा रस्ता धरला. अल्बम आला 1 मार्च 1973 ला. पण 20 जानेवारी 1972 ला ब्रायटनमध्ये त्यांनी तो सलग वाजवायला घेतला होता. यंत्रणेने दगा दिला आणि ‘मनी’ या गाण्यापाशी थांबावं लागलं. फेब्रुवारीत लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये तो वाजला, आणि स्टुडिओतलं काम त्यानंतर काही महिन्यांनी सुरू झालं. ‘मनी’च्या सुरुवातीला नाणी आणि गल्ल्याच्या आवाजांची जी टेप फिरत राहते ती सात मात्रांची आहे. रूपकावर वाढलेल्या आपल्या कानांना ती लगेच सापडते. मधल्या गिटारच्या भागात मात्र गाणं सरळ चारात येतं आणि एकदम मोकळं होतं.

इतकं वाजवून झाल्यावरही त्यांनी स्टुडिओत बदल केले, आणि हे महत्त्वाचं आहे. ‘ऑन द रन’च्या जागी कार्यक्रमांत गिटार आणि कीबोर्डचं मोकळं वाजवणं चालायचं. ते त्यांनी सबंध काढून टाकलं आणि ईएमएस कंपनीच्या छोट्या सिंथी सिंथेसायझरवर आठ सुरांची मालिका भरून ती वेगात फिरवली. पुष्कळदा वाजवल्यामुळेच त्या जागी काय कमी पडतंय हे त्यांना नेमकं ठाऊक असणार.

तसंच ‘द ग्रेट गिग इन द स्काय’चं. बँडच्याच रिक राइटच्या त्या चालीवर 1973 च्या जानेवारीत क्लेअर टॉरी ही गायिका आली, शब्दांवाचून नुसत्या आवाजाने गायली आणि तीस पौंड घेऊन घरी गेली. 2004 मध्ये ती कोर्टात गेली, पुढच्या वर्षी तडजोड झाली, आणि आता राइटच्या जोडीने संगीतकार म्हणून तिचंही नाव छापलं जातं. प्रत्येक नव्या बँडला मी हा किस्सा सांगतो आणि कोणाची चाल, कोणाचे शब्द, हे रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर लिहून घ्यायला लावतो. मैत्री टिकवायची असेल तर तो कागद हवाच.

तर त्या चौघांना मी परत पाठवलं. लॅपटॉप बंद करा, नऊही गाणी जॅमरूममध्ये एकत्र वाजवा, मिळेल त्या कार्यक्रमात वाजवा आणि आषाढात या, असं सांगितलं. ते आले तेव्हा गाणी ओळखू येत नव्हती. एका गाण्याची लय मिनिटाला 132 ठोक्यांवरून 124 वर उतरली होती, कारण 132 ला शब्द तोंडात मावत नव्हते. दुसरं पूर्ण एक सूर खाली आलं होतं. कार्यक्रमाच्या शेवटी दमलेल्या गळ्याला वरची पट्टी झेपत नव्हती. दोन अंतरे गळले होते, आणि ते गेल्याचं कोणालाच वाईट वाटत नव्हतं.

आषाढ मी मुद्दाम धरला होता. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, मंगल कार्यालयं रिकामी असतात आणि कमी भाड्यात मिळतात. ड्रम्सना उंच छत लागतं. शहरातल्या स्टुडिओंच्या खोल्या बुटक्या, तिथे ड्रम्सचा आवाज छताला आपटून लगेच माइकमध्ये परततो. शहराबाहेरच्या एका कार्यालयाचा हॉल आम्ही घेतला आणि सगळं सामान तिथे नेलं. रिकामा हॉल नको इतका घुमतो. मग कार्यालयाच्याच सतरंज्या पसरल्या, गाद्या उभ्या करून भिंतींना टेकवल्या, आणि घुमारा हवा तेवढाच उरला. पावसाची मोठी सर आली की थांबायचो.

ड्रम्सचं माइकिंग हा माझ्या कामातला सर्वांत आवडता भाग. स्नेअरला वरून एक माइक आणि खालून एक. काडी पडते तेव्हा वरचा पडदा माइकपासून लांब जातो आणि खालचा आपल्या माइकच्या जवळ येतो, त्यामुळे दोन्ही सिग्नल एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो. म्हणून खालच्याची पोलॅरिटी उलटवायची. डोक्यावरचे दोन माइक स्नेअरपासून अगदी सारख्या अंतरावर हवेत, ते मी सुतळीने मोजतो. शिवाय दोन माइक लांब, हॉलच्या दुसऱ्या टोकाकडे. आवाजाला एक फूट जायला एका मिलिसेकंदाहून जरा कमी वेळ लागतो, म्हणजे वीस फुटांवरच्या माइकला प्रत्येक ठोका 18 मिलिसेकंद उशिरा पोचतो. संगणकावर हा उशीर पुसून सगळे ट्रॅक एका रेषेत आणता येतात. तसं मी कधी करत नाही. जागा मोठी आहे हे कानाला त्या उशिरावरूनच समजतं.

याचा सर्वश्रेष्ठ नमुना लेड झेपेलिनच्या 1971 च्या चौथ्या अल्बममध्ये आहे. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत इंजिनिअर अँडी जॉन्सने जॉन बोनमचा ड्रमसेट जिन्याच्या तळाशी मांडला आणि वर जिन्यात बायर कंपनीचे दोनच माइक लावले. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मधला तो आवाज पन्नास वर्षांनंतरही लोक उसना घेतात.

गिटारच्या वेळी मी आणखी एक दार बंद केलं. हल्ली ॲम्पच्या आवाजाबरोबर गिटारची साफ लाइनही घेऊन ठेवतात, म्हणजे नंतर वाटेल तो ॲम्प लावता येतो. ती लाइन आम्ही घेतलीच नाही. स्पीकरच्या जाळीला टेकवलेला एक शुअर एसएम 57, बस्स. मध्यभागापासून तो इंचभर कडेला सरकवला की आवाजाची धार कमी होते. तेवढ्या इंचावर खूप वेळ गेला, पण जे ठरलं ते ठरलं.

गाण्याच्या शब्दांचा प्रश्न मराठी रॉकमध्ये सर्वांत अवघड आहे. अभंगापासून भावगीतापर्यंत मराठी श्रोता शब्द ऐकत आला आहे. एक शब्द निसटला तरी तो नाराज होतो, आणि त्याचं बरोबर आहे. व्यंजनं ज्या पट्ट्यात ऐकू येतात, साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झ, तोच पट्टा डिस्टॉर्शनची गिटार भरून टाकते. गाणाऱ्याचा आवाज वाढवला की बँड मागे पडतो आणि गाणं दुबळं होतं. याला मिक्समध्ये इलाज नाही. इलाज वाजवण्यात आहे: गिटारवरचा गेन कमी करा, ओळ चालू असताना दुसऱ्या गिटारने हात आवरावा, ओळ संपली की दोघांनी तुटून पडावं. आमच्या पाचव्या गाण्यात पहिलं कडवं फक्त बेस आणि ड्रम्सवर आहे. ते त्यांना तिसऱ्या कार्यक्रमात सुचलं. तिथे समोरची माणसं शब्द विचारत होती.

आवाज चढवण्याचा हट्ट आम्ही सोडून दिला आहे. मेटालिकाचा 2008 चा ‘डेथ मॅग्नेटिक’ इतका दाबून मोठा केला होता की तो जागोजाग फाटतो, आणि एका व्हिडिओ गेममध्ये आलेली तीच गाणी त्याहून साफ वाजतात हे चाहत्यांनीच शोधून काढलं. स्पॉटिफाय तर गाणी नेहमीच्या सेटिंगला उणे 14 एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या पातळीचं माप) आसपास आणून ठेवतं, त्यामुळे मास्टर दाबून फायदाही नाही.

थोड्या तबकड्याही काढायच्या आहेत. अल्बम 41 मिनिटांचा आहे, दोन बाजूंत नीट बसतो. तबकडीवर सुई आत सरकते तशी खाच तिच्याखालून हळू जाते आणि वरचे सूर मंदावतात, म्हणून दोन्ही बाजूंचा शेवट शांत गाण्यांनी केला आहे.

महाराष्ट्रात गावोगावी तरुण मुलं-मुली आज मराठीत रॉक लिहीत आहेत, वाजवत आहेत. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की स्टुडिओसाठी साठवलेल्या पैशातला निम्मा भाग आधी तालमीच्या खोलीवर घाला. आमची सात गाणी मिक्स झाली आहेत. उरलेली दोन दिवाळीनंतर करायची, मग मास्टरिंग. प्रकाशनाच्या कार्यक्रमात बँड नऊही गाणी अल्बमच्याच क्रमाने, लॅपटॉप न वापरता वाजवणार आहे.