दोन एचपी आणि चारची वायर

दोन एचपी म्हणजे दोन एचपीच, मग एका मोटरीवर २३० व्होल्ट आणि दुसरीवर ४१५ का, हे मला दुकानात उभं राहून कळेना. टेबल सॉ तोच, पातंही तेच. दुकानदार विचारत होता, "ताई, सिंगल फेज देऊ की थ्री फेज?" आणि माझ्या मनात एवढंच की ४१५वाली जास्त ताकदीची असणार. निर्णय घरी जाऊन कळवते म्हणाले आणि ओळखीच्या परवानाधारक वायरमनना बोलावलं.

त्यांनी आल्या आल्या सांगितलं, "मॅडम, मशीन नंतर. आधी मीटरपाशी चला." आमच्या बंगल्याला सिंगल फेजचा मीटर. थ्री फेज हवं तर नवा अर्ज, वाढीव भार आणि दर महिन्याचा स्थिर आकारही जास्त. ताकदीबद्दलची माझी समजूत त्यांनी दोन वाक्यांत दूर केली. दोन्ही मोटरी साधारण दीड किलोवॅटच्याच. सिंगल फेजवाली पूर्ण कामाला सुमारे १० अँपिअर ओढते, थ्री फेजवाली प्रत्येक वायरीतून तीन-सव्वातीन. व्होल्टेज वाढलं की करंट उतरतो. पात्याला मिळणारा जोर तोच.

मग लोक थ्री फेज घेतात कशाला? कारण तीन फेज मिळून मोटरीच्या आत फिरतं चुंबकीय क्षेत्र आपोआप तयार होतं. एकटा फेज नुसता मागे-पुढे धडधडतो, मोटरला सुरुवात करून देत नाही. म्हणून सिंगल फेज मोटरीला कपॅसिटर आणि सुरुवातीपुरतं वेगळं वाइंडिंग लागतं. मोटर बऱ्यापैकी वेगात आली की आतला स्विच ते वाइंडिंग सोडून देतो. मशीन बंद करून पातं मंदावत जाताना 'टक्' असा आवाज येतो, तो स्विच पुन्हा जागेवर बसल्याचा. म्हणजे थ्री फेज मोटर साधी, दणकट, दिवसभर चालणाऱ्या कारखान्याला योग्य. पण तीनातला एक फेज गेला तर ती नुसती घुमत राहते आणि जळते; त्यासाठी वेगळं संरक्षण बसवावं लागतं. सुट्टीच्या दिवशी चार फळ्या कापणाऱ्या मला एवढा पसारा नको होता.

खरा घोळ पुढे होता. सॉ ठेवायची शेड मीटरपासून २० मीटरवर आणि तिथपर्यंत आलेली वायर एक चौरस एमएमची, कधीकाळी एका बल्बसाठी ओढलेली. मला ती ठीक वाटत होती, कारण दिवा तर लख्ख लागायचा. वायरमनदादांनी कागद घेतला. जाऊन-येऊन ४० मीटर तांबं, त्याचा रोध सुमारे पाऊण ओहम. मोटर चालू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते, म्हणजे ६० अँपिअरच्या आसपास. पाऊण गुणिले साठ, पंचेचाळीस व्होल्ट वायरीतच गेले! मोटरीला उरले १८५. आणि मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे सुरू होण्याचा जोर दोन-तृतीयांशाच्याही खाली. मोटर रेंगाळते, जास्त वेळ जास्त करंट ओढते, तापते. तोच हिशेब चारच्या, म्हणजे चार चौरस एमएमच्या वायरीने केला तर घट सुमारे ११ व्होल्टांवर येते. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. वायर हा मशीनचाच भाग आहे, हे मला त्या आकड्यांनी पटवलं. गुंडाळलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर सॉ चालवायचा विचार तर कुणीच करू नये. वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि वायरीचं आवरण वितळतं.

एमसीबीतही प्रकार असतात हे मला नवीनच. घरातल्या दिव्यांसाठी 'बी' चालतो, पण तो नेमून दिलेल्या करंटच्या तीन ते पाच पटीतच झटक्यात पडतो. मोटरला 'सी' घेतला, पाच ते दहा पटीचा. प्लग १६ अँपिअरचा, स्वतंत्र लाइन, त्यावर दुसरं काही नाही.

अर्थिंगपाशी मी सर्वांत जास्त हादरले. दादांनी होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब काढला. फेज आणि न्यूट्रलवर तो पेटला, फेज आणि अर्थवर नाही. जुन्या बोर्डात तिसरं भोक होतं, त्यामागे वायरच नव्हती. लोखंडी टेबलावर दोन्ही हात टेकून काम करायचं आणि तेच टेबल जमिनीशी जोडलेलं नाही! नवीन अर्थ पिट करून घेतला आणि लाइनवर गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. या खर्चात मी पैशाचीही घासाघीस केली नाही.

आणखी एक गोष्ट दादांनी हट्टाने करायला लावली: साध्या बटणाऐवजी नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर. वीज गेली की तो सुटतो आणि वीज परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही. आपल्याकडे लाइट जाते-येते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पात्यात अडकलेली फळी आपण मोकळी करतोय आणि नेमकी तेव्हा लाइट आली, हा विचारही मला सहन होत नाही.

शेवटी सिंगल फेज, दोन एचपी, चारची वायर असा निर्णय झाला. घरच्या वर्कशॉपला माझ्या मते हाच योग्य. तीन एचपीच्या वर जायचं असेल तरच थ्री फेजचा अर्ज करा. तुम्ही मशीन घ्यायला निघाला असाल तर पैसे देण्याआधी मोटरीची नेमप्लेट वाचा, मीटरपासूनचं अंतर मोजा आणि परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.