ताडपत्रीचे माप

गतवर्षी परतीच्या पावसाच्या दिवसांत आम्ही तीन विद्यार्थ्यांसह सत्तरी तालुक्यातील एका कुळागरात दोन रात्री मुक्काम केला. निजावयास झाडांना टांगलेल्या कापडी झोळ्या होत्या. माणसाची उंची साडेपाच फूट. तेव्हा वर आठ फूट लांब व पाच फूट रुंद ताडपत्री पुष्कळ झाली, असा आमचा हिशेब. "सर, आधी झोळी टांगून मापू या का?" असे एकाने विचारले. आम्ही हसून त्यास गप्प केले.

मध्यरात्री वाऱ्यासह पाऊस आला. तिरप्या सरी दोन्ही बाजूंनी आत शिरल्या. दोरावरून ओघळलेले पाणी झोळीत उतरले. तो विद्यार्थी कुडकुडत बसून राहिला, पण अवाक्षर बोलला नाही. त्याचे ते मौन आम्हांस पावसाहून अधिक बोचले.

सकाळी आम्ही त्याच्याच हाती टेप दिली. टांगलेली झोळी टोकापासून टोकापर्यंत साडेआठ फूट भरली. दोन्हीकडे एकेक फूट अधिक धरता ताडपत्रीची लांबी साडेदहा फूट हवी. रुंदी दोराच्या दोहों अंगांस विभागली जाते. म्हणून तीही दहा फूट हवी. शिवाय ताडपत्रीखाली, झोळीच्या टोकाआधी, दोरास सुतळीचा तुकडा बांधला की ओघळ तेथेच गळून पडतो.

कुळागराच्या मालकांनी भात झाकावयाच्या बारा फूट लांब, दहा फूट रुंद अशा तीन ताडपत्र्या दिल्या. चौथी नव्हती. रात्री पाऊस पुन्हा आला. मुले कोरडी निजली. आम्ही मात्र ती रात्र आमच्याच हिशेबाखाली काढली.