‘तिथे काय आहे?’ ‘गवत!’

वीकएण्ड म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? लोणावळा, महाबळेश्वर, फार तर अलिबाग. ‘सुप्याला चाललेय’ असं सांगितल्यावर मैत्रिणीने विचारलं, ‘‘तिथे काय आहे?’’ मी म्हटलं, ‘‘गवत.’’ तिने फोनच ठेवला.

पुण्याहून साधारण ७० किलोमीटरवर, बारामती तालुक्यात सुपे आहे. अष्टविनायक करताना मोरगावच्या मयूरेश्वराला तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. त्याच देवाच्या नावाचं अभयारण्य तिथून जवळच आहे. १९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं. लोक येतात ते चिंकारा बघायला. मीही त्यासाठीच गेले होते. चिंकारा दिसला, दहा सेकंद! उरलेली सकाळ मी पायवाटेवर उकिडवं बसून किडे बघण्यात घालवली. आणि खरं सांगते, जाम मजा आली.

पायाखालचं शहर

ऑक्टोबरची सकाळ. गवत हिरव्याचं सोनेरी व्हायला लागलेलं. कुठे कमरेएवढं, कुठे घोट्याएवढं आणि मध्येमध्ये चक्क टक्कल. लांबून सगळं एकसारखं दिसतं. जवळ गेलात की कळतं, इथे एरिया वाटून घेतलेले आहेत.

उघड्या जमिनीवर बसलेला नाकतोडा मातीच्याच रंगाचा. उडी मारेपर्यंत तो दिसतच नाही. दोन पावलांवर, उंच गवतात राहणारा त्याचा भाऊबंद मात्र सडपातळ आणि निमुळत्या डोक्याचा. काडीला चिकटून बसला की काडीच! त्याच गवतात प्रार्थनाकीटक हात जोडून शिकारीची वाट बघत असतो. आणि मोकळ्या जागेत मुंग्यांची वारुळं. दाराबाहेर गवताच्या बियांच्या टरफलांचा ढीग, लग्नघराच्या मागे असतो तसा.

ही वाटणी उगाच नाही. किड्यांना अंगची ऊब नसते, ती उन्हातून घ्यावी लागते. सकाळी तापायला उघडी जमीन हवी. दुपारी तीच जमीन तव्यासारखी भाजायला लागली की पळून जायला गवताचा झुबका हवा. बरेचसे नाकतोडे अंडी घालतात मातीत, पण त्यांचं जेवण असतं गवतावर. म्हणजे बेडरूम आणि किचन दोन्ही पाहिजे, तेही चालत जाण्याच्या अंतरावर. आपण फ्लॅट शोधताना वेगळं काय करतो?

थोडक्यात फंडा असा, की किती गवत आहे एवढंच महत्त्वाचं नाही. ते कसं पसरलंय, कुठे दाट, कुठे विरळ, यावर इथे कोण राहणार ते ठरतं.

मामांची मेंढरं

अभयारण्याच्या बाहेर एक धनगर मामा मेंढरं चारत होते. तिथे गवत पार बुडख्यापर्यंत खाल्लेलं. प्रार्थनाकीटक गायब. पण लेंड्यांवर आणि शेणावर काळ्या भुंग्यांची गर्दी! मी विचारलं, ‘‘मामा, सगळीकडे असंच चरलं तर?’’

‘‘मग फुडल्या साली आमी काय खानार, ताई?’’ मामा हसले. ‘‘एका जागी बसायचं नसतं. हितलं झालं की तिकडं. मागं गवताला उठाया येळ द्यायचा.’’

मेंढरं एकाच जागी महिनोन्‌महिने राहिली तर माळ उघडा पडतो. अजिबात चराई झाली नाही तर वर्षानुवर्षांचं वाळलेलं गवत साचून मोकळ्या जागा बुजतात, आणि जमिनीवर राहणाऱ्यांची पंचाईत होते. मामा म्हणतात तसं फिरत राहिलं तर थोडं थोडं सगळंच मिळतं.

कर्नलसाहेबांचं वाळवण

मुंग्यांचं सांगायचं राहिलंच. १८२९ सालच्या जूनमध्ये कर्नल विल्यम साइक्स हे ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी पुण्यात मॉर्निंग वॉकला निघाले होते. परेड ग्राउंडजवळच्या न कसलेल्या जमिनीवर त्यांना गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग दिसले. पावसाने भिजलेलं धान्य मुंग्यांनी सुकवायला वर आणलं होतं. चक्क वाळवण! या मुंग्यांची नोंद त्यांनी नंतर लंडनच्या कीटकशास्त्रज्ञांच्या नियतकालिकात छापली. आपल्या शहराच्या मधोमध, ज्या जागेला कुणी ‘रिकामी’ म्हणालं असतं, तिथली ही गोष्ट.

आमचा ‘ग्रीन डे’

परतताना मी गाडी मुद्दाम एका वेगळ्या माळाकडे वळवली. सहा वर्षांपूर्वी, पहिल्या नोकरीत असताना, ऑफिसने आम्हाला तिथे झाडं लावायला नेलं होतं. हिरवे टी-शर्ट, वडापाव, ग्रुप फोटो. ‘इथे काहीच नाहीये, आपण जंगल करू’ असं माइकवरून सांगितलं गेलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. सरकारी नकाशांतही अशा जमिनी बऱ्याचदा ‘पडीक’ म्हणूनच दाखवतात.

आमची झाडं जगली होती. बहुतेक गिरिपुष्पाची. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, कमी पाण्यात तगणारं, भराभर वाढणारं. खाली दाट सावली, वाळका पाला, गवत जवळपास नाही. मी तसंच उकिडवं बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एकही नाकतोडा उडाला नाही.

आणि नाकतोडा गेला की प्रश्न फक्त नाकतोड्याचा राहत नाही. हजारो किलोमीटर उडून हिवाळ्यात आपल्या माळांवर येणारे भोवत्या पक्षी पोट भरतात ते बऱ्याच अंशी याच नाकतोड्यांवर. चंडोल, सरडे, सगळ्यांचा डबा इथूनच जातो.

झाडं वाईट असं मी म्हणत नाहीये. माळावर बोर-बाभळी तुरळक असतातच, आणि शहरातल्या रस्त्याला सावली हवीच. पण जिथे गवत हेच जंगल आहे तिथे खड्डे खणून आम्ही जंगल लावलं नाही, उठवलं. माझा हसरा फोटो अजून आहे. तो आता बघवत नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा एका वृक्षारोपणाचं आमंत्रण आलं. मी एकच प्रश्न विचारला, ‘‘जागा कुठली? आत्ता तिथे काय आहे?’’ उत्तर आलं, ‘‘काही नाही गं, नुसतं गवत.’’

मी म्हटलं, ‘‘मग आधी माझ्याबरोबर सुप्याला चल.’’

जाताय?

कसं जाल : पुणे-सोलापूर हायवेने चौफुल्यापर्यंत, तिथून उजवीकडे सुपे. किंवा सासवड-जेजुरी-मोरगाव मार्गे.
कधी : पाऊस ओसरल्यापासून थंडीपर्यंत. सकाळी लवकर पोचा.
काय न्याल : पाणी, टोपी, एक छोटं भिंग. फुल पॅन्ट मस्ट! कुसळं मोज्यांत घुसली की घरी जाईपर्यंत सुटका नाही.
एवढं पाळा : वनविभागाच्या वेळा आणि नियम आधी विचारून घ्या. गाडी गवतात घालू नका, इथे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात.