आधी गाव, मग भूत

भयकथेची ध्वनिमालिका करायची ठरली की निर्मात्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पहिल्या पाच मिनिटांत श्रोता दचकेल ना? दचकेल की. आमच्या धंद्यातलं ते सगळ्यात सोपं काम. आवाज हळूहळू खाली न्यायचा, ऐकणारा कान टवकारतो, मग एकदम दणका द्यायचा. पण दचकलेला माणूस पुढच्या आठवड्यात परत येईलच असं नाही. मनात धास्ती बसलेला येतो, आणि धास्ती बसायला त्याला आधी एक गाव ओळखीचं व्हावं लागतं.

ध्वनिसंयोजन शिकायला येणाऱ्या मुलांना मी म्हणूनच कॉलिन्सपोर्टला पाठवते. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरचं हे मासेमारीचं गाव नकाशात सापडणार नाही. ते 'डार्क शॅडोज' या मालिकेतलं. डॅन कर्टिस यांची ही मालिका एबीसी वाहिनीवर १९६६ ते १९७१ अशी चालली, १२२५ भाग. वर कॉलिनवूड नावाचा वाडा आणि त्यातलं कॉलिन्स घराणं. खाली बंदर, माशांचा कारखाना, कॉफी मिळणारं एक लॉज आणि 'ब्लू व्हेल' नावाचा बार. होरेस वॉल्पोलने १७६४ मध्ये गॉथिक कथेला किल्ला दिला. इथे किल्ल्याच्या जागी वाडा आला, आणि किल्ल्याबाहेरची बिनचेहऱ्याची रयत नावागावासकट समोर आली. घराण्याचं जुनं पाप नव्या पिढीच्या मानगुटीवर बसणं हे मूळ सूत्र मात्र तेच. धारप-मतकरींच्या भयकथा वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला ते वेगळं समजावून सांगायला नको.

या मालिकेचा सगळ्यात गाजलेला पिशाच्च, बार्नबस कॉलिन्स, अवतरला तो एप्रिल १९६७ मध्ये. म्हणजे सुरुवातीपासून दहा महिन्यांनी, दोनशेहून अधिक भाग उलटल्यावर. हे काही थोर नियोजन नव्हतं. प्रेक्षक मिळत नव्हते, मालिका बंद पडायच्या बेतात होती, म्हणून त्याला शवपेटीतून बाहेर काढलं. पण तोवर गावातली वेट्रेस मॅगी इव्हान्स कोण, तिचा बाप किती पितो, हे प्रेक्षकाला पाठ झालं होतं. बार्नबसने पुढे मॅगीलाच पळवलं तेव्हा शेजारची पोरगी गेल्यासारखं वाटलं ते त्यामुळेच.

पुढे २००६ पासून बिग फिनिश या ब्रिटिश संस्थेने कॉलिन्सपोर्ट ध्वनिरूपात आणलं, आणि तेही डेव्हिड सेल्बी, लारा पार्कर, कॅथरिन ली स्कॉट या मूळच्या नटांना घेऊन. मधल्या चाळीस वर्षांनी चेहरे बदलले होते, पण माइकला चेहऱ्याशी काय करायचं? आवाजातला खरखरीतपणा उलट घराण्याचं वय सांगतो. २०१५ मधली 'ब्लडलस्ट' ही मालिका तर क्रमशः, थोड्या थोड्या दिवसांनी एकेक भाग अशी प्रसिद्ध झाली. गावात खून पडतो आणि गाव एकमेकांकडे संशयाने बघू लागतं. वाड्यातलं भय उतरून बाजारात येतं ते असं.

आता आमच्या कामाचं. पडद्यावर वाडा एका दृश्यात दाखवता येतो. कानाला तो अंतरांतून बांधावा लागतो. कॉलिन्सपोर्टमध्ये समुद्र सगळीकडे आहे, त्यामुळे तोच मोजपट्टी होतो. कड्यावर लाटा खालून, वाऱ्यात मिसळून येणार; बंदरावर त्या पायाशी आणि लाकडी धक्क्यावर आदळणाऱ्या; वाड्याच्या दिवाणखान्यात जाड भिंतींमागे नुसती घरघर. बारमध्ये समुद्र बंद आणि ज्यूकबॉक्स चालू. दोन-तीन भागांत श्रोत्याच्या डोक्यात नकाशा तयार होतो, आणि पात्र कुठे उभं आहे हे संवादातून सांगावं लागत नाही. मग एखाद्या भागात बारचं दार उघडतं आणि ज्यूकबॉक्स नसतो. कोणी काही बोलत नाही, तरी ऐकणारा सावरून बसतो. ही चाल अर्ध्या तासाच्या एकट्या श्रुतिकेला परवडत नाही. सवय लावायलाच तिला वेळ नसतो, मोडणार काय?

अमेरिकन रेडिओच्या जुन्या भयमालिकांना ध्वनीची हौस होती. शिकागोत १९३४ मध्ये सुरू झालेल्या 'लाइट्स आउट'ची मंडळी मुंडकं उडवायला कोबीचा गड्डा चिरत आणि हाडं मोडायला बरगड्या. ऐकायला मजा येते, पण माझ्या मते त्या काळातला सर्वांत भयंकर आवाज ऑर्सन वेल्सचा आहे. ३० ऑक्टोबर १९३८ च्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स'मध्ये न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिल या खेड्यातून बोलणारा बातमीदार मध्येच तुटतो आणि रेडिओवर काही सेकंद काहीच नसतं. (देशभर घबराट पसरल्याची कहाणी वर्तमानपत्रांनी बरीच फुगवली, हे आता अभ्यासक सांगतात. ती शांतता मात्र खरोखरच अव्वल.)

आणि ध्वनिपरिणामांशिवायही गाव उभं राहतं, हे 'वेलकम टू नाइट व्हेल'ने २०१२ पासून दाखवलंय. वाळवंटातल्या गावाचं सामुदायिक रेडिओ केंद्र, एक निवेदक, मागे संगीत, ध्वनिपरिणाम जवळपास नाहीत. कुत्र्यांसाठी नवं उद्यान झालंय आणि तिथे कुत्र्यांना बंदी आहे, माणसांनाही बंदी आहे, हे सेसिल बाल्डविन पाणीकपातीच्या सुरात सांगतो. अंगावर काटा आणणारा आहे तो नगरपालिकेचा सूर.

आपल्याकडे मात्र अजून पैंजण, कुत्र्याचं रडणं आणि घुबड. घुबडही बहुधा परदेशी ध्वनिसंग्रहातलं. कोकणातल्या रात्री ते घुमलं की जाणत्या कानाला गाव तिथेच खोटं वाटतं. पिंगळ्याचा चिरका कलकलाट, रातव्याचं लाकडावर ठोकल्यासारखं चकचक, मध्यरात्री माळावरून ओरडत जाणारी टिटवी, हे सगळं फुकट मिळतं. रेकॉर्डर घेऊन जायची तयारी हवी. काही जण मंद्र घरघर मागतात, कारण फार खालचे ध्वनी अस्वस्थ करतात असं त्यांनी वाचलेलं असतं. अहो, पण ऐकणारा लोकलमध्ये स्वस्त इयरफोन लावून उभा आहे. तुमची २० हर्ट्‌झची भीती त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी कुर्ला येतं. त्याला पोचतो तो माणसाचा आवाज, म्हणून पैसे नटांवर खर्च करा.

मालिका लिहिणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: पहिल्या तीन भागांत भूत आणू नका. त्याऐवजी एसटी किती वाजता येते, पिठाची गिरणी कधी बंद होते, देवळातली घंटा कोण वाजवतं हे लिहून द्या. बाकीचं आम्ही बघतो.