सूर परमुलखात नेताना

१८ जानेवारी २०२५, शनिवार. तिरुवैयारू
पौष वद्य पंचमी, कर्नाटक संगीताचे संत-रचनाकार त्यागराज यांची पुण्यतिथी. कावेरीकाठी त्यांच्या समाधीपाशी सकाळी शेकडो गळ्यांतून एकदम पंचरत्न कृती उठल्या : नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री या रागांतल्या. कृतींपैकी पहिली संस्कृतात, बाकी चार तेलुगूत. मुलूख तमिळ. त्यागराज १८४७ मध्ये गेले, तेव्हा तंजावरच्या गादीवर मराठी राजा होता. गाणाऱ्यांपैकी कुणालाही यात परकं काही वाटत नव्हतं. बाहेरचं गाणं एखाद्या मातीत इतकं मुरतं कसं, याचाच शोध घ्यायला मी इथे आले आहे. दोन महिन्यांनी मला कीर्तनासाठी परदेशी जायचं आहे.

१९ जानेवारी, रविवार. तंजावर
बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ चा मराठी शिलालेख पाहिला. भोसले घराण्याची बखरच भिंतीवर कोरलेली आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे राज्य स्थापलं. पुढे समर्थ रामदासांचे शिष्य भीमस्वामी यांचा मठ झाला आणि मठाबरोबर कीर्तन आलं. राज्य १८५५ मध्ये संपलं, कीर्तन मात्र टिकलं. तेव्हा केवळ राजाश्रयामुळे ते जगलं, असं म्हणता येत नाही.

२० जानेवारी, सोमवार. सरस्वती महाल ग्रंथालय, तंजावर
दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८–१८३२) रचनांच्या छापील प्रती दिवसभर वाचल्या. ‘देवेंद्र कुरवंजी’त भविष्य सांगणारी कुरवंजी जगाचा भूगोल गाऊन सांगते. नाट्यप्रकार तमिळ, भाषा मराठी, ज्ञान युरोपातून आलेलं. ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’मध्ये नृत्यासाठी रचलेली मराठी पदं आहेत. याच दरबारात चिन्नैया, पोन्नैया, शिवानंदम आणि वडिवेलू या भावांनी भरतनाट्यमच्या कार्यक्रमाची घडी बसवली. वडिवेलूंनी व्हायोलिन दाक्षिणात्य गायकीत रुजवायला हातभार लावला. दरबारात पाश्चात्त्य बँडही होता. आपलं देण्याआधी तंजावरनं दुसऱ्याचं मनापासून घेतलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

२१ जानेवारी, मंगळवार
आज मराठी कीर्तनकार मोरगावकर बुवांबद्दल वाचलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते चातुर्मासासाठी तंजावरला आले आणि मुक्काम करून कीर्तनं करत राहिले. एका रात्रीची मैफल करून निघून गेले असते, तर लोकांनी कौतुक केलं असतं आणि विसरूनही गेले असते. चार महिने तीच साकी, तीच दिंडी, तीच ओवी पुन्हा पुन्हा कानावर पडली, म्हणून ती तमिळ गायकांच्या गळ्यात उतरली. त्यातलेच एक तंजावर कृष्ण भागवतर. त्यांनी मराठी छंद ठेवले, राग कर्नाटक संगीताचे घेतले, साथीला मृदंग घेतला आणि आख्यान तमिळमध्ये मांडलं. गोपालकृष्ण भारतींचं नंदनार चरित्र त्यांनी याच घाटात रंगवलं. तमिळ हरिकथा अशी उभी राहिली. पुढे सी. सरस्वतीबाईंनी विरोध सोसून बाईमाणसासाठी तिचं व्यासपीठ खुलं केलं. माझ्यासारखीवर त्यांचंही ऋण आहे.

२२ जानेवारी, बुधवार
कला परमुलखात कशी रुजते हेच डोक्यात होतं, म्हणून रात्री बाबातुंडे ओलातुंजींचे ध्वनिमुद्रित ढोल ऐकले. हे नायजेरियाचे. १९५० मध्ये शिकायला अमेरिकेत गेले. १९६० मध्ये त्यांची ‘ड्रम्स ऑफ पॅशन’ ही तबकडी आली आणि आफ्रिकेचा ढोल अमेरिकेतल्या घराघरांत पोचला. पण मला त्यांचं पुढचं काम अधिक मोठं वाटतं. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत त्यांनी आफ्रिकी संस्कृतीचं केंद्र काढलं आणि तिथे नाच, ढोल शिकवले. जॅझवादक जॉन कोल्ट्रेन तिथे २३ एप्रिल १९६७ रोजी वाजवून गेले. ओलातुंजींच्या तबकडीतलं एक गाणं सँटाना या रॉक बँडनं १९६९ मध्ये विजेच्या गिटारवर घेतलं. मूळ ठेका ओळखू येतो, अंगरखा निराळा. कृष्ण भागवतरांनी आपल्या साकीचं हेच केलं होतं. आफ्रिकेतला वादक असो की महाराष्ट्रातला कीर्तनकार, परमुलखात त्याच्या विद्येला शिष्य मिळाले तरच ती त्याच्यामागे तिथे उरते. मग शिष्य ती आपल्या भाषेत बोलणार, हे त्यानं मनापासून मान्य करायला हवं.

२३ जानेवारी, गुरुवार. गोविंदपुरम
कुंभकोणमच्या पुढे संत बोधेंद्रस्वामींच्या समाधीचं हे गाव. विठ्ठलदास महाराजांनी उभारलेलं विठ्ठल-रुक्मिणीचं भव्य मंदिर इथे २०११ पासून आहे. तमिळ मुलं टाळ घेऊन अभंग म्हणत होती. ‘ळ’ आपल्यापेक्षाही ठसठशीत. चाल मात्र मला अनोळखी, कर्नाटक रागाकडे झुकलेली. माझ्या गुरूंनी ती ऐकली असती तर प्रथम कपाळाला आठी घातली असती. मी मुलांबरोबर त्यांच्याच चालीत गायले आणि मला तो अभंग नव्यानं कळला.

२४ जानेवारी, शुक्रवार
परदेशातल्या आयोजकांना आज पत्र लिहिलं. पाच शहरांत पाच कार्यक्रम ठरले होते. मी कळवलं की दोनच शहरं घ्या आणि प्रत्येक ठिकाणी मला दोन आठवडे राहू द्या. मराठी मंडळाच्या मुलांबरोबर तिथल्या शाळेतली इतर मुलंही येऊ देत. त्यांना झांजेचा ठेका, एक साकी, एक दिंडी शिकवीन. आख्यान त्यांच्या भाषेत, त्यांच्या ओळखीच्या गोष्टीवर बेतीन. शेवटच्या दिवशी पूर्वरंगातलं निरूपण मी करीन, उत्तररंगातलं आख्यान त्यांनी करायचं. यात मानधन कमी होईल, तेही लिहिलं आहे. उत्तर काय येईल ते येवो. यापुढे मी कीर्तन घेऊन जाईन ती याच अटीवर.